नळातला ळ

आमच्या ग्रामपंचायतीचा फळा आणि माझं पोस्ट समोरासमोर आहे. मधे रस्ता आणि एक कडुनिंब. टपालाचं काम तसं थोडकंच, बाकी वेळ मी रस्त्याकडे बघत बसते, त्यामुळे गावात कोण काय करतं हे मला नको इतकं माहीत असतं. साधनाताईंना चौकशा फार, असं लोक म्हणतात. म्हणू देत. मी चौकशा केल्या नसत्या तर राजपालची गोष्ट मला कळली नसती, आणि मग तुम्हाला तरी कोण सांगणार होतं?

राजपाल आमचा नळवाला. गाव कारंज्याहून धनजला जायच्या वाटेवर आहे आणि गावाला लागून तांडा आहे, तिथला तो. उंच, हडकुळा, खांद्यावर पाणी सोडायचे वॉल फिरवायची लांब लोखंडी चावी. पूर्वी दिवाळी झाली की त्याच्या घरची धडधाकट माणसं पोराबाळांसकट ऊसतोडीला जायची, राजपाल तर लहानपणापासून. मग गावात नळयोजना आली. पाइपासाठी नाल्या खोदायला तो मजुरीवर होता, आणि काम संपल्यावर ध्यानात आलं की कुठला पाइप कुठून गेला हे या एकाच माणसाला तोंडपाठ आहे. पंचायतीने त्याला कामावर ठेवून घेतलं. तेव्हापासून त्याची बायको भागिरथा गावातच निंदण-खुरपण करते, पोरगी एकाच शाळेत सलग जाते आणि म्हातारी आई धुरपताबाई हिवाळ्यात घरी एकटी राहत नाही. एका चावीवर चार माणसं गावात टिकली होती.

राजपालचा आवाज खणखणीत. सकाळी टाकीवरच्या भोंग्यातून तो ओरडायचा, "मायीपुऱ्यात पानी सुटलं हो," की मी चहाचं आधण ठेवायची. हे मायीपुरा म्हणजे माळीपुरा बरं का. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो. शाळा ती शाया, केळी ती केयी, डोळा तो डोया. मी इकडच्याच मालेगावची, पोस्टात शिक्के मारते, पण चटका बसला की माझ्याही तोंडून "हात पोयला" असंच निघतं.

एके दिवशी भोंगा जळाला. नवीन येईपर्यंत पाण्याची सूचना फळ्यावर लिहायची, असं सरपंच लिलाबाईंनी ठरवलं. लिहिणार कोण? पाणी जो सोडतो तो. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढत होते, तर राजपाल खडू हातात धरून फळ्यापुढे उभा. डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, जसा काही चोरीच करायला आलाय. मग घाईघाईने लिहिलं आणि चावी खांद्यावर टाकून निघून गेला. फळ्यावर होतं, "आज नयाला पानी नाही."

दुपारपर्यंत गावाची करमणूक झाली. पानटपरीवर त्याला विचारणा झाली की नया पानी कुठून आणलं आणि जुनं पानी संपलं काय. तोही हसला. हसण्यात तो पटाईत होता. पुढे मला कळलं की तेही त्याने शाळेतच शिकून घेतलं होतं.

नळाचा नय कोणीही लिहील, आम्ही बोलतोच तसं. माझं डोकं वेगळ्याच गोष्टीने खाल्लं. पुढच्या सूचनेत माळीपुरा दोनदा आला होता, आणि दोन्हीकडे वेगळा. एकीकडे मायीपुरा, दुसरीकडे भाळिपूरा. "उघडा" मधला घ कधी घ, कधी ध. ज्याला येत नाही तो दरवेळी तीच चूक करतो. हा माणूस दरवेळी नवी करत होता. असं का? मी टपालाच्या पिशवीला लाख लावता लावता याच विचारात असायची.

मग ते झालं. टाकी धुतली, ब्लिचिंग पावडर जास्त पडली, आणि राजपालला लिहायला सांगितलं की आज पाणी पिऊ नका. त्याने लिहिलं, "आज पानी पिउन का." निम्म्या गावाने तो प्रश्न म्हणून वाचला. हो बा, पिऊनच आलो, असं उत्तर देत लोक पुढे गेले. संध्याकाळी माळीपुऱ्यात पोटं बिघडली. म्हातारी केशरबाई ओकून ओकून गळाली, तिला कारंज्याला नेऊन सलाइन लावावं लागलं.

ती दोन दिवसांत घरी आली, पण ग्रामसेवकांचा पारा उतरला नाही. त्यांनी सरळ सांगितलं, येत्या ग्रामसभेत राजपाल सगळ्यांसमोर सूचना लिहून दाखवेल. नाही जमलं तर लिहिता येणारा माणूस ठेवू. त्यांचं तरी काय चुकलं होतं? पण तांड्यात ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला होता आणि "कोयत्याले जोडी कमी पडून राह्यली" असं भागिरथाच्या कानावर घालून गेला होता. म्हणजे चावी गेली की नवरा-बायको पुन्हा जोडीने ऊस तोडायला. ही बातमीही मला पोस्टातच मिळाली.

त्याच दिवशी दुपारी राजपाल पोस्टात आला. चावी दाराशी टेकवली आणि उभाच राहिला.

"ताई, मले वाचता येते, हयू हयू. लिवाले बसलो का अक्षरं एका जागी ऱ्हायत नाईत. फिरतेत."

मी विचारलं, कुठे फिरतात? तर त्याने कपाळावर बोट ठेवलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. सातवीपर्यंत तो शाळेत गेला, निम्मं वर्ष इथे आणि निम्मं उसाच्या फडात, त्यामुळे कच्चेपणा सगळा फडाच्या नावावर खपला. धुरपताबाईंची मात्र खात्री होती की पोराच्या डोळ्यांत दोष आहे. तिने त्याला कारंज्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, डोळे चांगले आहेत. तिला ते पटलं नाही. बाजारातून तिने एक चष्मा आणून त्याच्या नाकावर चढवला. अक्षरं चष्म्यातूनही फिरत होती, फक्त मोठी होऊन. पोरं हसायची, म्हणून हाही त्यांच्याआधी हसायला शिकला.

मला रडू आलं, आणि राग आला, आणि दोन्हीचं काय करावं ते कळेना. म्हणून मी माझ्या भाचीला फोन केला.

रंजीता कारंज्याला असते. ज्या मुलांना लिहिण्या-वाचण्यात अडचण येते त्यांना शिकवायला ती शाळाशाळांतून फिरते. रविवारी ती एसटीने आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की याला डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धीचा यात काही दोष नाही, डोळ्यांचाही नाही, मेंदूची अक्षरं ठेवायची तऱ्हा वेगळी असते, आणि मोठ्या माणसांनाही शिकवता येतं. मला वाटलं, आता ही पाटी काढेल. तिने राजपालला डोळे मिटायला सांगितलं.

"टाकीपासून निघा अन् केशरबाईच्या नळापर्यंत या. पाइप दिसते तसा सांगा."

राजपालने डोळे मिटले. त्याचा हात हवेत सरकायला लागला. इथून चार इंची खाली उतरला, इथे वळणाचा एल्बो, शाळेपाशी तीन तोंडांचा टी, निंबाच्या मुळ्या लागल्या म्हणून पाइप जरा खाली दाबला, मग देवळाच्या मागून वळला, इथे वॉल, इथे केशरबाई. रंजीता म्हणाली, आता उलटे या, केशरबाईपासून टाकीपर्यंत. तो तसाच परत आला, एकही वळण न चुकता. जमिनीत पुरलेला पाइप या माणसाला उघड्यावर दिसत होता, आणि नळ हा दोन अक्षरी शब्द दिसत नव्हता. हे कसं काय? माझी उत्सुकता अशी उकळायला लागली की मी चहा ठेवायला उठले ती अर्ध्यातूनच परत आले.

रंजीताने पोस्टाच्या शहाबादी फरशीवर खडूने मोठा ध काढला आणि शेजारी घ. राजपाल म्हणाला, एकच तर आहेत दोन्ही, जरा इकडून तिकडून. मग त्याने असा प्रश्न विचारला की रंजीताने खडू खाली ठेवला.

"एल्बो कसाबी ठेवा, उलटा ठेवा, पालथा ठेवा, एल्बोच राह्यते. मंग अक्षर फिरलं तं बदलते काहून?"

बरोबरच आहे की. चमचा, बैल, चावी, जगातली कुठलीही वस्तू फिरवली तरी तीच राहते. त्याचं मन वस्तूला चहूबाजूंनी बघत होतं, पाइपाच्या कामात ते सोन्यासारखं होतं आणि अक्षरापाशी येऊन तेच त्याला पाडत होतं. रंजीताने विचारलं की तुमच्या सामानात असं काहीच नाही का, जे एकाच बाजूने बसतं? राजपालने डोकं खाजवलं. मग हसला, आणि या खेपेला कोणाच्या आधी म्हणून नाही.

"नॉन रिटर्न वॉल. त्याच्यावर बाण राह्यते. उलटा बसवला तं पानीच जात नाई. म्हन्जे अक्षर एल्बो नोय, नॉन रिटर्न हाये."

तिथून खरं शिकणं सुरू झालं. रंजीताची रीत सोपी होती. एक शब्द मोठा काढायचा, नजरेच्या जरा वर धरायचा, पोटभर बघायचा. मग डोळे मिटून तो आत उभा करायचा आणि बघत बघत अक्षरं सांगायची. नंतर शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायची. उलटं सांगता आलं तर समजायचं की शब्द खरंच दिसतोय, नुसता तोंडात घोळत नाही. मगच खडू उचलायचा. ती रविवारी यायची, बाकीचे दिवस तो दुपारी पोस्टात यायचा आणि शब्द धरून उभी राहायची मी.

शब्द आत बसवायला राजपालने स्वतःचंच सामान वापरलं. डोक्यावरची रेघ म्हणजे मेन लाइन. ध वर ती लाइन तुटलेली असते आणि घ वर जोडलेली, भ वर तुटलेली आणि म वर जोडलेली. बघा तुम्हीच. मी जन्मभर ही अक्षरं लिहीत आले आणि मला हे त्याने म्हटल्यावर दिसलं. पहिली वेलांटी त्याला आयुष्यभर छळत आली होती, कारण बोलताना ती मागून येते आणि लिहिताना आधी काढावी लागते. ते कोडं त्याने एका वाक्यात मिटवलं की वॉल आधी, नळ मागून. आणि ळ? पाइपाखाली शेजारी शेजारी लावलेली वॉलची दोन चाकं. कान य म्हणतो ना, म्हणू दे. नळ म्हटलं की आत दोन चाकं दिसली पाहिजेत.

मला तर नादच लागला. पोस्टात येईल त्याला मी विचारायची की मांजर म्हटल्यावर डोळ्यांपुढे काय येतं, मांजर की अक्षरं? लिलाबाईंना अक्षरं दिसली, तीही त्यांच्या लग्नपत्रिकेतल्या वळणाची. केशरबाईला मांजर दिसलं आणि त्याने सांडलेलं दूधही. ग्रामसेवकांना मी विचारलं तर त्यांनी मला काम नाही का असं विचारलं. माझ्या स्वतःच्या डोळ्यांपुढे धड काहीच येत नाही, नुसता म्यावचा आवाज येतो. इतकी वर्षं मी समजत होते की सगळ्यांच्या डोक्यात सारखंच चाललेलं असतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. काही दिवस कालचा शब्द आज गायब असायचा. राजपाल खडू आपटायचा, मी त्याच्यावर ओरडायची, तो चावी उचलून जायचा आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप यायचा. नळ, टाकी, पाणी हे शब्द बसले, कारण त्यांना चित्र होतं. अडला तो "नका". न आणि का, यात अवघड काय, असं मला वाटायचं. पण नका दिसतो कसा? त्याला रंगरूप काय? चित्र नाही म्हणून तो आत उभा राहत नव्हता आणि घसरत घसरत शेजारच्या शब्दाला जाऊन चिकटत होता. पिउन का, तसाच.

एका दुपारी तो आला. मी शब्द धरला तर म्हणाला, नको, मला दिसला तो. सकाळी तो केशरबाईच्या घरची तोटी बदलायला गेला होता. ती खाटेवर पडलेली होती. याने पाण्याचा गिलास पुढे केला, तर तिने न बोलता आडवा हात केला.

"तोच नका हाये ताई. खाटेवर हाये तो. पिऊच्या अंगाले मी त्याले आता लागू देत नाई."

त्याने खडू घेऊन फरशीवर लिहिलं. पिऊ, मग मोठी जागा, मग नका. मी चहा केला, त्याने तो घेतला, आणि त्या दिवशी पुढचा शब्द काढला नाही.

ग्रामसभा फळ्यासमोर, निंबाखाली भरली. एरवी चार टाळकी जमवताना मारामार, पण त्या दिवशी गर्दी होती, कारण राजपाल लिहिणार होता. केशरबाईला बाजेवर बसवून उचलून आणलं. धुरपताबाई तांड्यातून आली आणि माझ्या शेजारी पायरीवर टेकली. टाकी त्या दिवशीही धुतलेली होती, ग्रामसेवकांनी मुद्दामच तसा दिवस धरला होता. त्यांनी खडू पुढे केला आणि वाक्य सांगितलं की जलशुद्धीकरण सुरू असल्यामुळे नळाचे पाणी पिऊ नये.

जलशुद्धीकरण हा शब्द आम्ही काढलाच नव्हता. "नये" पण नाही.

राजपाल फळ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. मागून कोणीतरी "नया पानी" म्हणालं आणि थोडं हसू पसरलं. धुरपताबाईने माझा हात घट्ट धरला.

"डोये काहून मिटले यानं?"

"पाहून राह्यला तो," मी सांगितलं.

राजपालने डोळे उघडले आणि वळला. हसला नाही.

"सायेब, जलशुद्धीकरण माह्यापाशी नाई. तो मी उद्या आनतो. पन पानी आजचं हाये, म्हनून आज जे शब्द हायेत त्यातच लिवतो."

ग्रामसेवक काही बोलायच्या आत त्याने खडू टेकवला. हळू लिहीत होता. मधे थांबून डोळे मिटत होता, बोट हवेत फिरवत होता, पुन्हा लिहीत होता. फळ्यावर उमटलं, "आज टाकी धुतली. नळाचे पाणी पिऊ नका." नळात दोन चाकं. वेलांटी आधी. पिऊ आणि नका यांच्या मधे जागा इतकी मोठी की तिथून बैल गेला असता.

केशरबाईला वाचता येत नाही. तिने शेजारच्या बाईकडून ते वाचून घेतलं, मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता समजलं बापा. आज नाई पेत."

ग्रामसेवक म्हणाले की सांगितलेलं वाक्य हे नव्हे. लिलाबाईंनी विचारलं, केशरबाईले समजलं ना? मग सूचना म्हणजे आणखी काय असते? ग्रामसेवकांनी फळ्याकडे पाहिलं, केशरबाईकडे पाहिलं, आणि पुढचा विषय घेतला. त्यांचं हो असंच असतं. भागिरथाने पदराने तोंड पुसलं. या दिवाळीनंतर तिला कोयता धरायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पोस्ट उघडलं तेव्हा फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एकटाच एक शब्द होता. जलशुद्धीकरण. मी तो अक्षर अक्षर करून तपासला, कारण खोड. द चा पाय मोडून त्याने ध सुटा काढला होता, आणि त्या ध वरची लाइन जिथे तुटायला हवी तिथे तुटली होती.

धुरपताबाई भाजी विकून परत जाताना माझ्या दाराशी थांबली. पोराने आज नवीन काय आणलं ते दाखव म्हणाली. मी बोट दाखवलं. तिने रिकामी टोपली खाली ठेवली, रस्ता ओलांडून फळ्याजवळ गेली आणि त्या लांब शब्दाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून आली. मग टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली,

"मंग तो डागदर खरंच बोलला व्हता म्हना. डोये चांगलेच व्हते त्याचे."